परवलीचे वचन

शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलेला ‘आजचा सुविचार’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. तो कोणत्या ग्रंथातला, कोणी कोणाला उद्देशून म्हटलेला, त्याच्या मागेपुढे काय होते, हे प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. वाक्य मूळ ठिकाणाहून उचलले जाते आणि एका दिवसापुरते सर्वांचे होते. साहित्याच्या अभ्यासकाला हे खटकते, कारण संदर्भ सोडून वाक्य वाचू नये हा आपल्या शिस्तीचा पहिला धडा. बायबलमधील एकेक वचन घेऊन त्यावर दिवसभराचा धीर बांधण्याची ख्रिस्ती समाजातील जुनी रीतही याच आक्षेपास पात्र ठरते. हा आक्षेप कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी त्या रीतीच्या सर्वांत दीर्घ परंपरांपैकी एकीकडे आम्ही वळत आहोत.

जर्मनीच्या पूर्वभागात, सॅक्सनी प्रांतात, हेर्नहूट नावाचे छोटेसे गाव आहे. धार्मिक छळामुळे मोराव्हिया सोडून आलेल्या निर्वासितांनी ते १७२२ मध्ये काउंट त्सिन्त्सेंडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर वसवले. ३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या गायनसभेत त्सिन्त्सेंडॉर्फने जमलेल्या मंडळींना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटेसे वचन दिले. सकाळी ते घरोघर पोचवण्यात आले. पुढे हा नित्यक्रमच झाला आणि १७३१ या वर्षासाठी सगळ्या दिवसांची वचने प्रथमच पुस्तकरूपाने छापली गेली. त्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकाची सुरुवात ‘चांगला धीर’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. तेव्हापासून ही पुस्तिका दरवर्षी निघत आली असून आज ती पन्नासाहून अधिक भाषांत वाचली जाते.

या वचनाला जर्मन भाषेत ‘लोझुंग’ म्हणतात. हा शब्द देवळातला नाही, छावणीतला आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाला आपला माणूस ओळखता यावा म्हणून ठरवलेला शब्द, म्हणजे आपली ‘परवल’. या नावातच वचनाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे. सुविचार उपदेश करतो. परवल उपदेश करीत नाही. ती जवळ बाळगायची असते आणि वेळ आली की उच्चारायची असते.

ही वचने ठरतात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या करारातील वचनांच्या एका मोठ्या संचातून प्रत्येक दिवसाचे वचन चिठ्ठी टाकून निघते. मग संपादक त्याच्याशी नाते सांगणारे नव्या करारातील दुसरे वचन विचारपूर्वक निवडतो आणि त्यांना एखाद्या गीताची किंवा प्रार्थनेची जोड देतो. पहिले वचन दैवाने दिलेले, दुसरे माणसाने शोधलेले. म्हणजे ज्याला आपण संदर्भ म्हणतो, तो येथे मोडला जातो तसा नव्याने रचलाही जातो.

अठराव्या शतकात या मंडळींचा चिठ्ठीवर इतका भरवसा होता की विवाहाचे निर्णयही तिच्यावर सोपवले जात. त्यांचे प्रचारक १७३२ मध्ये कॅरिबियन बेटांकडे व १७३३ मध्ये ग्रीनलंडकडे निघाले. १७६० मध्ये काही जण तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार या डॅनिश वसाहतीतही आले. एकाच दिवशी एकच वचन वाचणारी माणसे अशी परस्परांपासून हजारो कोस दूर विखुरली. वृत्तपत्राच्या एकाच वेळी होणाऱ्या वाचनातून राष्ट्राची कल्पना कशी आकार घेते, हे बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ मध्ये मांडले. ते वाचताना हेर्नहूटची ही पुस्तिका आठवल्याखेरीज राहत नाही.

अवचित समोर आलेल्या वचनाने माणूस हलतो, हा अनुभव साहित्याला नवा नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ऑगस्टीनने पौलाच्या पत्रांचा ग्रंथ उघडला, जो उतारा दिसला तो वाचला, आणि त्याचे आयुष्य पालटले. ‘कन्फेशन्स’मधील हा प्रसंग सुपरिचित आहे. डॅनिएल डिफोच्या १७१९ मधील कादंबरीत आजारी रॉबिन्सन क्रूसोही असेच बायबल उघडतो. तेथे सापडलेल्या वचनातील सुटका त्याला आधी बेटावरून हवी असते, नंतर स्वतःच्या पापांतून. वचन तेच राहते. वाचणारा बदलतो तसा त्याचा अर्थ सरकतो.

मात्र या रीतीतील धोका सर्वांत नेमकेपणाने ओळखला तो तिच्यावर प्रेम करणाऱ्या एका माणसाने. नाझी राजवटीला विरोध करणारे धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर (१९०६–१९४५) हेर्नहूटची पुस्तिका नित्य वाचत. तरीही १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एकत्र जीवन’ या अर्थाच्या शीर्षकाच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी बजावले, की रोजचे वचन ही देणगी खरी, पण ते संपूर्ण शास्त्राच्या वाचनाची जागा घेऊ शकत नाही. बायबल म्हणजे केवळ परवलींचा साठा नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. साहित्याच्या शिक्षकाचा आक्षेपही याहून वेगळा नसतो.

त्याच वर्षी जूनमध्ये बोनहोफर न्यूयॉर्कला पोचले. युद्ध जवळ आले होते; अमेरिकेतील मित्रांनी त्यांच्या सुरक्षिततेची सोय केली होती. थोड्याच दिवसांत त्यांनी परतण्याचे ठरवले, पण मन निवांत नव्हते. २६ जूनला तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र वाचत असता त्यांच्यासमोर एक वाक्य आले. कैदेतला पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला हिवाळ्यापूर्वी येऊन पोचण्याची विनंती करतो. त्याच पत्रात तो मागे राहिलेला झगा आणि चर्मपत्रेही आणायला सांगतो. म्हणजे मुळात ही एका वृद्धाची घरगुती निकड. पण बोनहोफरांच्या मनातून ते वाक्य दिवसभर जाईना, आणि हे आपल्यालाच सांगितले आहे असे मानले तर तो शास्त्राचा गैरवापर होत नाही, असे त्यांनी दैनंदिनीत नोंदवले. संदर्भाविषयी जागरूक असलेल्या माणसाचीच ही नोंद आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ते बोटीने युरोपकडे निघाले.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा कट फसला. त्या दिवशीची वचने स्तोत्रसंहितेतील विसाव्या स्तोत्रातून आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातून आली होती. पहिल्यात रथ-घोड्यांवर विसंबणारे आणि ईश्वराच्या नावावर विसंबणारे यांच्यातील भेद आहे. सैनिकी अधिकाऱ्यांनी रचलेल्या कटाच्या दिवशी हे वचन आशीर्वाद म्हणून वाचावे की इशारा म्हणून? वचन स्वतः काहीच ठरवून देत नाही. दुसऱ्या दिवशी तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात बोनहोफरांनी या वचनांचा आनंदाने उल्लेख केला. कट फसल्याचे, म्हणजेच स्वतःचे भवितव्य जवळपास ठरल्याचे, तेव्हा त्यांना ठाऊक होते. ८ एप्रिल १९४५ रोजी, रविवारी, शोनबर्ग येथील शाळेच्या इमारतीत सहकैद्यांच्या विनंतीवरून त्यांनी उपासना चालवली आणि यशया व पेत्राच्या पहिल्या पत्रातील त्या दिवसाच्या वचनांवर विवेचन केले. उपासना संपताच त्यांना नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसेनबुर्ग छावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

यावरून वचनाच्या अंगी काही सामर्थ्य असते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. त्याच सकाळी तीच वचने जर्मनीतील असंख्य घरांत वाचली गेली. त्यांत राजवटीशी जुळवून घेतलेली घरेही होती, आणि त्यांनाही त्यातून धीर मिळाला असेल. धीर आणि दिलासा यांत फरक करायचा तो येथे. आपल्या मनाजोगे वचन आपण निवडतो तेव्हा बहुधा आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. न निवडलेले वचन बाहेरून येते आणि आहोत त्या जागी राहू देईलच असे नाही. न्यूयॉर्कमधील त्या वाक्याने बोनहोफरांना सुरक्षित ठेवले नाही. जेथे भय होते तेथे परतण्याचे बळ दिले. आणि ते अशा वाचकाला दिले, ज्याने एरवी संपूर्ण ग्रंथ वाचण्याचे कष्ट घेतले होते.

म्हणून आमचा आक्षेप आम्ही मागे घेत नाही, पण त्याची जागा बदलतो. वाक्य संदर्भातून सुटले याने बिघडत नाही. ज्या आयुष्यात ते येऊन पडते, त्या आयुष्याला त्याने हात लावला नाही तर बिघडते. परवल पहाऱ्यावरच्या माणसासाठी असते. अंथरुणात पडून उच्चारली, तर तो नुसता एक शब्द.