इंग्रजी वाक्यातील ‘दॅट’ : हद्द सांगणारा शब्द

‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे द टॅक्स वुड गो अप’ हे वाक्य इंग्रजी बातमीत सहज खपून जाईल. पण त्यातला सोमवार कोणाचा, मंत्र्यांच्या बोलण्याचा की करवाढीचा, हे त्यावरून ठरत नाही. मंत्री सोमवारी बोलले असतील, तर करवाढ केव्हा होणार हे अजून कळायचे आहे. करवाढच सोमवारी होणार असेल, तर व्यापाऱ्याला शनिवारीच तयारी करणे भाग आहे. ‘दॅट’ हा एक शब्द योग्य जागी आला की संशय फिटतो. ‘सेड ऑन मंडे दॅट द टॅक्स वुड गो अप’ म्हटले की सोमवार बोलण्याचा. ‘सेड दॅट ऑन मंडे द टॅक्स वुड गो अप’ म्हटले की तो करवाढीचा. ‘दॅट म्हणजे की’ एवढे शाळेत पाठ केलेले असते. हा शब्द वाक्यात कोठे बसतो आणि त्याच्या आधी काय चालते, हे मात्र बहुधा शिकायचे राहून जाते.

‘असे’ आणि ‘दॅट’

‘दॅट’ने सुरू होणाऱ्या अशा गौण वाक्याला मराठी व्याकरणात नामवाक्य म्हणतात. ‘मला ती बातमी ठाऊक आहे’ या वाक्यात जे स्थान ‘बातमी’ या नामाचे, तेच ‘तो आला, हे मला ठाऊक आहे’ यात ‘तो आला’ या वाक्याचे. इंग्रजीतील उभयान्वयी ‘दॅट’ मूळच्या दर्शक सर्वनामातून आला. ‘तो ते म्हणाला : पाऊस येणार’ अशा धर्तीच्या रचनेतले ‘ते’ पुढच्या वाक्याला जोडले गेले असावे, अशी त्याची उपपत्ती सांगतात. जुन्या इंग्रजीतही ‘दॅट’चा हा उपयोग रुळलेला आढळतो. जर्मन भाषेतील ‘दास’ या शब्दाचीही हीच वाटचाल झाली. तेथे सर्वनाम आणि उभयान्वयी अव्यय यांचा उच्चार एकच असून लेखन मात्र वेगळे ठेवले आहे.

मराठीतही हे काम दर्शक शब्दच करतात. ‘कर वाढेल, असे मंत्र्यांनी सोमवारी सांगितले’ ही वृत्तपत्री मराठीची नेहमीची ठेवण. येथे ‘असे’ या शब्दाशी मंत्र्यांचे म्हणणे संपते आणि बातमीदाराचे निवेदन सुरू होते. ‘की’ वापरला तरी घोटाळा होत नाही. ‘मंत्र्यांनी सोमवारी सांगितले, की कर वाढेल’ यात ‘सोमवारी’ हा शब्द क्रियापदाच्या आधीच येऊन गेला आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने ते स्वतःच कुंपणासारखे उभे राहते; काळ, स्थळ, व्यक्ती हे सारे त्याच्या अलीकडे असते.

इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच मागून येते. ‘ऑन मंडे’, ‘इन द कोर्ट’, ‘टू द पोलीस’ असे शब्दसमूह त्याच्या पुढे येतात आणि त्यानंतर नामवाक्य सुरू होते. म्हणजे हे शब्दसमूह नेमके दोन वाक्यांच्या सीमेवर येऊन बसतात. ते अलीकडच्या शेतातले की पलीकडच्या, हे सांगायला बांध हवा, आणि ‘दॅट’ हाच तो बांध. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही हेच बजावते : क्रियापद आणि गौण वाक्य यांच्यामध्ये काळदर्शक शब्द आला, तर ‘दॅट’ सहसा गाळू नये.

‘मला’चे दोन अवतार

मराठी माणसाची खरी अडचण होते ती व्यक्तीच्या उल्लेखापाशी. ‘त्याने मला सांगितले’, ‘त्याने मला सुचवले’, ‘त्याने मला समजावले’ या तिन्ही वाक्यांत ‘मला’ हे एकच रूप पुरते. इंग्रजीत मात्र क्रियापदागणिक चाल बदलते.

पहिल्या गटातील क्रियापदांना व्यक्ती थेट, कोणत्याही शब्दयोगी अव्ययावाचून, लागते. ‘टेल’, ‘इन्फॉर्म’, ‘अश्युअर’, ‘कन्व्हिन्स’, ‘रिमाइंड’ ही त्यांतील नेहमीची. ‘ही टोल्ड मी दॅट द शॉप वॉज क्लोज्ड’ हे शुद्ध. ‘ही टोल्ड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड’ हे चूक, कारण कोणाला सांगितले ते त्यात नाही.

दुसऱ्या गटात व्यक्तीआधी ‘टू’ अनिवार्य असतो. ‘से’, ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘अॅडमिट’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’ ही या गटातील. ‘शी एक्स्प्लेन्ड टू मी दॅट द फॉर्म वॉज इन्कम्प्लीट’ असे म्हणावे लागते. ‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ आणि ‘सजेस्टेड मी दॅट’ या मराठी वळणाच्या सर्वांत परिचित चुका. व्यक्तीचा उल्लेखच नको असेल, तर ‘टू मी’ गाळता येते. नुसते ‘मी’ ठेवता येत नाही.

तिसरा गट दोन्ही चाली सोसतो. ‘प्रॉमिस’ आणि ‘वॉर्न’ या क्रियापदांपुढे व्यक्ती आली तरी चालते, न आली तरी चालते : ‘ही प्रॉमिस्ड दॅट’ आणि ‘ही प्रॉमिस्ड मी दॅट’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत.

दुसऱ्या गटातील शब्दक्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. कर्म साधे नाम असेल तर ते आधी येते : ‘शी एक्स्प्लेन्ड द रूल टू द चिल्ड्रन’. कर्माच्या जागी नामवाक्य असेल तर क्रम उलटतो : ‘शी एक्स्प्लेन्ड टू द चिल्ड्रन दॅट द रूल हॅड चेंज्ड’. लांब आणि जड घटक शेवटाकडे ढकलावा, हा इंग्रजीचा स्वभाव आहे. ‘टू द चिल्ड्रन’ हा छोटा तुकडा शेवटी ठेवला, तर नियम मुलांसाठी बदलला की मुलांना समजावून दिला, असा नवाच संशय उभा राहतो.

अव्ययाच्या पाठोपाठ ‘दॅट’ नाही

मराठीत ‘तो येईल याबद्दल माझी खात्री आहे’ असे म्हणता येते. त्यातील ‘याबद्दल’चे शब्दशः भाषांतर होऊन ‘आय अॅम शुअर अबाउट दॅट ही विल कम’ असे वाक्य तयार होते, आणि ते अशुद्ध ठरते. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘अबाउट’ या अव्ययांच्या लगेच पुढे ‘दॅट’चे नामवाक्य येत नाही. ‘शुअर ऑफ हिज सक्सेस’ चालते. वाक्य जोडताना मात्र ‘ऑफ’ गळून ‘शुअर दॅट ही विल सक्सीड’ होते. तसेच ‘इन्सिस्ट ऑन पेमेंट’, पण ‘इन्सिस्ट दॅट’. ‘कम्प्लेन अबाउट द नॉइज’, पण ‘कम्प्लेन दॅट’. अव्यय राखायचेच असेल तर मध्ये ‘द फॅक्ट’ घालतात : ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’. ‘इन दॅट’ आणि ‘एक्सेप्ट दॅट’ हे या नियमाचे ठळक अपवाद आहेत. ‘व्हेदर’, ‘हाउ’, ‘व्हाय’ अशा प्रश्नवाचक शब्दांनी सुरू होणाऱ्या नामवाक्यांना हे बंधन नाही. ‘अबाउट व्हेदर ही विल कम’ हे शुद्ध आहे.

‘वाँट’ या क्रियापदाला तर ‘दॅट’ मानवतच नाही. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ याचे इंग्रजी ‘आय वाँट यू टू कम’ असेच होते.

गाळावा केव्हा, राखावा केव्हा

‘थिंक’, ‘नो’, ‘से’, ‘होप’ अशा रोजच्या क्रियापदांनंतर बोलण्यात ‘दॅट’ सर्रास गाळला जातो. ‘आय थिंक ही इज राइट’ यात काहीच बिघडत नाही, कारण क्रियापद आणि नामवाक्य लगटून आहेत. मध्ये व्यक्ती, काळ किंवा स्थळ आले की मात्र तो राखणे श्रेयस्कर. ‘ही अॅडमिटेड टू द ऑफिसर इन द ऑफिस दॅट ही हॅड टेकन द मनी’ या वाक्यात कबुली कार्यालयात दिली गेली. ‘ही अॅडमिटेड टू द ऑफिसर दॅट ही हॅड टेकन द मनी इन द ऑफिस’ या वाक्यात पैसेच कार्यालयात घेतले गेले, असा अर्थ निघतो. मराठी जबाबाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याच्या हातून ‘इन द ऑफिस’ चुकीच्या बाजूला पडले, तर कबुलीचे स्थळ गुन्ह्याचे स्थळ होऊन बसते.

नामवाक्यातील क्रियापदाचे रूपही तितकेच बोलके असते. ‘ही इन्सिस्टेड दॅट द डॉक्टर वॉज प्रेझेंट’ याचा सरळ अर्थ, डॉक्टर हजर होते असे त्याने ठासून सांगितले. ‘ही इन्सिस्टेड दॅट द डॉक्टर बी प्रेझेंट’ म्हणजे डॉक्टरांनी हजर राहावे, असा त्याने आग्रह धरला. ब्रिटिश लेखनात या दुसऱ्या अर्थी ‘शुड बी’ हे रूपही नेहमी आढळते. एक घडलेल्या गोष्टीचा दावा, तर दुसरी अजून न घडलेल्या गोष्टीची मागणी.

या साऱ्या चाली तर्काने काढता येत नाहीत. त्या क्रियापदाबरोबरच शिकाव्या लागतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना ए. एस. हॉर्नबी यांना हीच अडचण जाणवली. १९४२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह टोकियोत जो शब्दकोश काढला, त्यात क्रियापदांपुढे कोणती रचना चालते याच्या खुणा दिल्या. हाच कोश १९४८ पासून ऑक्सफर्डतर्फे निघू लागला आणि पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेला. आजही विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशात अर्थाशेजारी या खुणा किंवा नमुन्याची वाक्ये असतात. ‘एक्स्प्लेन’चा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो; कोश उघडायचा तो त्यापुढचा ‘टू’ पाहण्यासाठी.