माहीम नेमके कुठवर?

राजवाड्यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' छापली, तेव्हापासून प्रताप बिंबाचे राज्य हा आपल्याकडे हमखास वादाचा विषय आहे. बखर एकहाती नाही. निरनिराळ्या काळांतील प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. त्यांतील केशवाचार्याचा भाग शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ चा. तो ज्या बिंबाविषयी सांगतो तो त्याच्याही आधी तीनशे वर्षे, शके १०६० च्या सुमारास, उत्तर कोकणात उतरला म्हणे. केळवे-माहीम आणि मुंबईचे माहीम या दोन नावांचा गुंता वेगळाच.

आता परळचा शिलालेख पाहा. तो शके ११०८ चा (इ. स. ११८७), शिलाहार राजा अपरादित्याचा. षट्षष्टीतील, म्हणजे साष्टीतील, एका बागेच्या उत्पन्नाचे दान त्यात नोंदले आहे आणि अखेरीस दान मोडणाऱ्याला मराठीत सणसणीत शिवी आहे. (मराठीच्या विद्यार्थ्याने ती एकदा मुळातून वाचावीच.) बखरीनुसार त्या वेळी माहीमला बिंबवंश नांदत होता. मग साष्टीवर शिलाहारांची मोहोर कशी? बिंब मांडलिक असतील, किंवा केशवाचार्याची कालगणना सैल असेल. मला दुसरी शक्यता अधिक पटते. गावे, कुळे, गोत्रे आणि वृत्ती यांचे हक्क सांगणाऱ्या ग्रंथाला राज्य जितके जुने तितके सोयीचे. म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. ती बाराव्या शतकापेक्षा पंधराव्या शतकाची साक्ष अधिक देते, इतकेच.

पुढे गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ च्या विवाहतहात 'मुंबईचे बंदर आणि बेट' इंग्रजांना मिळाले, आणि खरी गंमत इथे आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला, तेव्हा माहीम, वडाळा, शीव वगळलेले होते. पोर्तुगीज म्हणत, माहीम हे वेगळे बेट. इंग्रज म्हणत, ओहोटीला पायी जाता येते, तेव्हा बेट एकच! त्याच वर्षी कुकने माहीम बळकावले. भरतीचे पाणी जमेस धरायचे की ओहोटीचे, यावर माहीमच्या शेतकऱ्याचा राजा ठरला.

सरहद्द माहीमच्या खाडीवर सरकली. पलीकडची साष्टी १७३७ साली मराठ्यांनी घेतली, १७७४ साली इंग्रजांनी. खाडीवरून वांद्र्याला जोडणारा रस्ता मात्र १८४५ पर्यंत झाला नव्हता.