एंग्लेरिन-ए

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील संशोधनात महत्त्वाचे ठरलेले वनस्पतिजन्य संयुग. फायलॅन्थस एंग्लेरी या आफ्रिकी वनस्पतीपासून ते मिळते. आवळा व भुईआवळा याच प्रजातीतील असले, तरी एंग्लेरिन-एशी त्यांचा संबंध जोडू नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जॉन बॉयट्लर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा शोध जाहीर केला. तेथे अर्कांची चाचणी ६० मानवी कर्कपेशीवाणांवर घेतात. या वनस्पतीच्या अर्काने त्यांपैकी मूत्रपिंडाच्या पेशींचीच वाढ प्रकर्षाने रोखली. अर्क टप्प्याटप्प्याने विलग करत संशोधक या संयुगापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी जर्मनीत माथियास क्रिस्टमान यांच्या गटाने कॅटनिपच्या तेलातील नेपेटालॅक्टोनपासून त्याचे संश्लेषण केले.

रचनेने हे सेस्क्विटर्पीन असून त्याला दोन एस्टर गट जोडलेले असतात. पेशीपटलातील टीआरपीसी-४ व टीआरपीसी-५ या आयनमार्गिका ते उघडते, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे धन आयनांचा लोंढा आत शिरून कर्कपेशी मरतात. मात्र याच मार्गिका निरोगी ऊतींतही असतात. म्हणून शिरेतून दिलेली मात्रा उंदरांना घातक ठरली. तोंडावाटे दिल्यास एस्टर बंध तुटून संयुग निष्प्रभ होते. विषारीपणा कमी असलेली साधित संयुगे शोधण्याचे प्रयत्न त्यामुळेच मोलाचे आहेत.

एंग्लेरिन-ए हे मान्यताप्राप्त औषध नाही. प्रयोगशाळेतील यश म्हणजे उपचार नव्हे. रुग्णांनी वनौषधींच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा औषधोपचार लांबवू नयेत.