राजधानी दक्षिणेस, विद्यापीठ उत्तरेस

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी कुटुंबात कोणी कॉलेजात जाऊ लागले की एक प्रश्न हटकून उभा राहतो : रामकृष्णपुरमातून रोज विद्यापीठापर्यंत जा-ये करावी, की तेथेच वसतिगृहात राहावे? या अंतराचे मूळ सरकारच्याच इतिहासात आहे, हे आम्हां सरकारी नोकरांच्या सहसा ध्यानी येत नाही.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा १९११ साली झाली. व्हाइसरॉयचे तात्पुरते निवासस्थान तेव्हा शहराच्या उत्तरेस, टेकडीपाशी होते. १९२२ साली विद्यापीठ स्थापन झाले. १९३१ साली रायसीन्याच्या नव्या राजधानीचे उद्घाटन झाले आणि १९३३ साली व्हाइसरॉयची ती जुनी वास्तू विद्यापीठास मिळाली. पुढे काश्मिरी दरवाजाहून सेंट स्टीफन्स १९४१ साली, तर हिंदू कॉलेज १९५३ साली त्याच परिसरात गेले. सरकार दक्षिणेस सरकले, विद्या उत्तरेस स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर कारकुनांच्या अनेक वसाहतीही सरकारामागोमाग दक्षिणेसच वसल्या.

१९७३ साली विद्यापीठाचा दक्षिण परिसर निघाला. २००५ साली मेट्रोने विद्यापीठ व केंद्रीय सचिवालय जोडले. वाट सुकर झाली खरी. परंतु ग्रंथालयातील अखेरचा तास आणि सहाध्यायांशी रंगलेला वाद घराच्या ओढीने अर्धाच राहतो. उलट, घरच्या ताटाबरोबर मिळणारी मराठी वसतिगृहात मिळत नाही.

आमच्या धाकट्या बंधूंसाठी आम्ही वसतिगृहच पत्करले. मराठीची भरपाई रविवारी होते. हुकलेल्या संध्याकाळीची होत नाही.