बिंबाणूसमृद्ध फायब्रिन

रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला, बिंबाणू व पांढऱ्या पेशींनी युक्त असा फायब्रिनचा साका. [→ बिंबाणू, रक्तक्लथन].

फ्रान्समधील जोसेफ शुक्रून व सहकाऱ्यांनी ही पद्धत २००१ मध्ये मांडली. सुमारे १० मिलि. रक्त क्लथनरोधक न घालता लगेच केंद्रोत्सारकात मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी १२ मिनिटे फिरवतात. नळीत तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि मध्ये चिमट्याने उचलता येणारा लवचिक साका असे थर पडतात. उशीर झाल्यास रक्त नळीतच गोठते व साका नीट बनत नाही.

पायरिया या हिरड्यांच्या रोगात दात व हिरडी यांमधील खोबणीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे विनॉक्सिजीवी जंतू वाढतात. साक्यातील बिंबाणूंतून जंतुरोधक पेप्टाइडे स्रवतात. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. प्रयोगशाळेत या जंतूची वाढ मंदावलेली आढळते. मात्र परिणाम रक्तदात्यागणिक बदलतो व बहुधा अल्पकाळ टिकतो. त्यामुळे तो प्रतिजैविकाला पर्याय ठरत नाही. [→ प्रतिजैविके].

हाडातील खड्डे भरणे व दात काढल्यावरची जखम भरून आणणे हे याचे मुख्य उपयोग. तंबाखू हिरड्यांच्या रोगाला पोषक असते. शिवाय धूम्रपानाने हिरडीतील रक्तस्राव कमी दिसून रोग झाकला जातो. [→ तंबाखू; पायरिया]. साका बसवण्यापूर्वी दातांवरील कीटण खरवडून काढावेच लागते.