बंदूक-निर्बंध आणि मानसिक आरोग्य

मानसिक प्रकृतीच्या कारणावरून बंदूक बाळगण्यावर घातलेली कायदेशीर बंधने. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात नुसते निदान पुरेसे नसते. मानसिक स्थितीमुळे ती व्यक्ती धोकादायक वा अक्षम असल्याचा न्यायालयाचा वा अधिकृत मंडळाचा निर्णय किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केल्याची नोंद लागते. परवानाधारक दुकानातील अर्जात ग्राहकाला हे विचारतात आणि १९९८ पासून त्याची राष्ट्रीय नोंदींशी पडताळणी होते. यातली फट व्हर्जिनिया टेक विद्यापीठात उघडी पडली. २००५ मध्ये न्यायालयाने एका विद्यार्थ्याला स्वतःसाठी धोकादायक ठरवले. पण उपचार बाह्यरुग्ण म्हणून असल्याने राज्याने ती नोंद पाठवलीच नाही. त्याने दोन पिस्तुले रीतसर विकत घेतली आणि १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचा बळी घेतला.

अशा हत्याकांडांनंतर सगळा रोख मनोरुग्णांवर येतो, तो बराचसा अनाठायी. बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणूनच निदानाऐवजी धोकादायक वर्तन पाहून शस्त्र काढून घेण्याचा कनेटिकटचा १९९९ चा कायदा अधिक समंजस ठरतो. शस्त्र हाताशी नसल्याने काय फरक पडतो, ते इस्रायलमध्ये दिसले. तिथल्या लष्कराने २००६ मध्ये सैनिकांनी सुट्टीवर रायफल घरी नेण्यावर निर्बंध आणले. त्यानंतर तरुण सैनिकांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती.