बुलबुलाचा फलाहार

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया व तह यांचेंच स्मरण होतें. परंतु आपल्या परसाच्या कुंपणावर बसून शीळ घालणाऱ्या शिपाई बुलबुलाच्या आहारासही इतिहास आहे, आणि त्यांत मनुष्याचा हात लहान नाहीं.

या पक्ष्याचें ताट ऋतूंप्रमाणें बदलतें. हिवाळ्यांत बोरें पिकतात, वैशाखांत डोंगरउतारावरील करवंदें काळीं पडतात. वड, पिंपळ, उंबर यांचीं सर्व झाडें एकाच वेळीं फळत नाहींत. त्यामुळें इतर फळें सरलीं तरी कोठें ना कोठें एखादें झाड पाखरांची पंगत मांडून उभें असतें. पिल्लांचें मात्र केवळ फळांवर भागत नाहीं. त्यांना आईबाप किडे व अळ्या आणून भरवितात.

या जुन्या क्रमांत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं एक पाहुणी आली. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील एक शोभेचें झुडूप कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत लावण्यांत आलें. तीच आपली घाणेरी. तिचा पाला खाल्ल्यास गुरें आजारी पडतात. पण तिचीं काळीं फळें पाखरांस मानवलीं. फळ गिळावें, गर पचवावा आणि बी थोड्याच वेळांत दुसरीकडे टाकावें, हा बुलबुलाचा परिपाठ. टिपू सुलतानानें १७९२ सालीं चंदनास राजवृक्ष ठरविलें. पण रानांत त्याची पेरणी करणारे बुलबुलासारखे पक्षीच होते. ज्या चोंचींनीं चंदन पेरलें, त्यांनींच घाणेरीही कुरणांत नेली.

पुढें हा पक्षी समुद्र ओलांडून गेला. कोंकणांतील अनेक मराठी कुटुंबें ज्या मॉरिशस बेटांत मजुरीस गेलीं, तेथें १८९२ च्या सुमारास माणसांनीं त्याला नेलें. शेजारच्या रियुनियन बेटांत १९६० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपाकडील लिगस्ट्रम जातीचें एक झुडूप आलें, आणि १९७२ सालीं बुलबुल आला. भक्ष्य व भक्षक यांची परदेशांत गांठ पडली. बुलबुल त्याचीं फळें खाऊन बिया दूरवर टाकूं लागला, आणि तें झुडूप तेथील मूळच्या अरण्यास डोईजड झालें.

यांत अपराधी कोण? पक्षी समोर पिकलेलें फळ खातो; कोणतें झाड स्वदेशी व कोणतें उपरें, हा विचार त्याचा नव्हे. तो आपण करावयाचा होता. करवंदीच्या जाळ्या तोडून आपण तारेचीं कुंपणें घालतों, जुने उंबर रस्त्यासाठीं पाडतों, आणि मग बुलबुलानें बागेंतील पेरू टोचला म्हणून त्याच्यावर रागावतों. तो उद्यां काय पेरील, हें आज आपण त्याच्यासाठीं काय राखून ठेवतों यावर अवलंबून आहे.